नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी

कल्पेशच्या तोंडी 'शांते'ची 'शांतीताई' झाली, की कुठेतरी सही हवी आहे असं समजायचं. शांतीला हे आता पक्कं ठाऊक झालं होतं. म्हणून त्या सकाळी करंजाड्यातल्या तिच्या खोलीत कल्पेश मिठाईचा पुडा घेऊन आला, न सांगता दारातच बूट काढले आणि "शांतीताई, कशी हायस?" म्हणाला, तेव्हा तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढचं ऐकायची तयारी केली.

शांती तांदळाच्या भाकऱ्या करून विकायची. हायवेवरच्या दोन खानावळी आणि आसपासच्या सोसायट्यांतली काही घरं, एवढ्यावर तिचं चालायचं. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगी कोमल बारावी होऊन नर्सिंगला लागली होती, म्हणजे लागणार होती. नंबर लागला होता, फी भरायची राहिली होती. महिनाअखेरपर्यंत भरली नाही तर ती जागा पुढच्या मुलीला जाणार होती. ही गोष्ट शांतीने कुणाला सांगितली नव्हती, पण कल्पेशला ती कळली होती. तो उगाच येणाऱ्यांतला नव्हता.

त्याने पुडा सोडला आणि स्वतःच्या हाताने तिला पेढा भरवला. पेढ्याला जुन्या तुपाचा खवट वास होता.

"तो विमानतळाच्या बदल्यातला प्लॉट विकला, ताई. चाळीस लाख बँकेत पडून हायत. पन व्याज आलं का तिसरा हिस्सा टॅक्समदी जातो. द्रोणागिरीला माजे ट्रेलर चालतात, त्याचं इन्कम आदीच दाखवायला लागतं. वर हे."

"मग बायकोच्या नावावर ठेव."

"ते इचारून झालं. बायकोला दिलं तर दिल्याला टॅक्स नाय, पन त्याचं व्याज परत माझ्याच डोक्यावर. नवरा-बायकोचं एकच धरतात."

"काकांच्या नावावर ठेव."

"बाबांच्या नावावर लय झालंय. आनि उद्या बाबांचं बरं-वाईट झालं, तर शकू वकील घेऊन येईल."

शकू ही कल्पेशची पाठची बहीण, सख्खी. तिने वाट्यासाठी कोर्टात दावा लावला, तेव्हापासून तिचं नाव त्या घरात शिवी दिल्यासारखं घेतलं जाई.

"म्हनून तुज्या नावावर ठेवू," कल्पेश म्हणाला. "भाऊ-बहिनीत टॅक्स नाय, कितीपन द्या. आनि तुजं इन्कम काय, भाकऱ्यांचं. व्याजावर एक पैसा लागनार नाय."

"आनि पैसे कुनाचे?"

कल्पेश हसला. लहान मुलाने खुळा प्रश्न विचारल्यावर हसावं तसा. "पैसे माजेच ना, ताई. तू फक्त कोऱ्या चेकांवर सह्या करून ठेवशील. आनि कोमलची या वर्साची फी माज्याकडून. मामा हाय मी तिचा."

शांती पाणी प्यायली, तरी पेढ्याची खवट चव गेली नाही.

कल्पेश तिचा सख्खा भाऊ नव्हता. तिचा बाप विठू आणि कल्पेशचा बाप बुधाजी, हे दोघे भाऊ. विठू मिठागरात कामाला जायचा. तापाच्या साथीत तो गेला आणि त्याच्या मागोमाग तिची आईही. शांती तेव्हा एवढीशी होती. बुधाजीकाकाने तिला उचलून आपल्या घरी आणली. पुढे कल्पेश झाला, शकू झाली. दोघांना कडेवर घेऊन ती गावभर फिरली. त्या घरात 'चुलत' हा शब्द कधी कुणी उच्चारला नाही. पाहुणा आला की काका म्हणायचा, "ही माजी थोरली."

मग विमानतळ आला. गाव उठलं, जमिनी गेल्या, मोबदला आणि प्लॉट यायची वेळ झाली. अर्धी जमीन विठूच्या नावाची होती आणि विठूला शांतीशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा कल्पेश ओसरीवर चारचौघांत म्हणाला होता, "चुलत ती. तिला वाढवली, लग्न करून दिलं, आनकी काय द्यायचं?" रजिस्ट्रारपुढे तिने हक्कसोडपत्रावर सही केली. काका खाली मान घालून बसला होता. बदल्यात तिला एक साडी मिळाली. त्या दिवशी ती चुलत झाली होती आणि आज चाळीस लाखांसाठी पुन्हा सख्खी होत होती.

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण आतल्या खोलीत कोमल कॉलेजचं पत्र पुन्हा पुन्हा वाचत बसली होती. शांती म्हणाली, "कदी यायचं?" आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिला पेढ्याइतकीच किळस आली.

शिवाजी चौकाजवळ एक जिना चढून गेलं की नझीरभाईंची कचेरी होती. आयकराचे कागद भरून देणारा हा शांत, जाड चष्म्याचा माणूस. त्यांचे वडील उरणला मासळीच्या बर्फाचा धंदा करायचे आणि बुधाजीशी त्यांची ओळख होती, म्हणून कल्पेश त्यांच्याकडे येई. त्यांनी बक्षीसपत्राचा मसुदा आधीच छापून ठेवला होता. शांतीला सातवीपर्यंतचं वाचता येत होतं. ती सावकाश वाचू लागली. 'मी, कल्पेश बुधाजी, माझी सख्खी बहीण श्रीमती शांती हिला नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, परत मागण्याचा हक्क न ठेवता...'

नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी. तिने ते शब्द दोनदा वाचले. असले शब्द माणसाने कागदावर लिहिले तर हात झडायला हवा, असं तिला वाटलं.

"ताई, पॅनकार्ड," नझीरभाई म्हणाले. तिने दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिलं. "वडिलांचं नाव विठू?"

"हो."

"आणि कल्पेशशेठचे वालिद बुधाजी. मग सख्खे कसे?"

"अरे नझीरभाई, आमच्यात चुलत-बिलत करत नाय," कल्पेश म्हणाला. "एका घरात वाढलो, एका ताटात जेवलो. बहीन ती बहीन."

"घरात करू नका. कायदा करतो." त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि मुलांना शिकवावं तशी माणसांची नावं गोलांत लिहून त्यांच्यामध्ये रेषा काढल्या. "नीट बघा. ज्याच्या हातात पैसे पडतात, त्याच्या बाजूने नातं मोजायचं. ताईंना पैसे मिळणार. तर ताईंचे नातेवाईक कोण? आईवडील, आजीआजोबा, मुलं, सख्खे भाऊ-बहीण, सासरची तशीच माणसं, आणि आईवडिलांचे भाऊ-बहीण. म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी. यांनी कितीही दिलं तरी कर नाही. चुलतभाऊ या यादीत नाही. तो बाहेरचा. बाहेरच्यांकडून वर्षात सगळे मिळून पन्नास हजारांच्या वर गेले, की वरचेच नाही, सगळेच्या सगळे ताईंच्या उत्पन्नात धरणार. चाळीस लाखांवर आठ-नऊ लाख कर. आणि तो कल्पेशशेठना नाही, ताईंना भरावा लागेल. नोटीस करंजाड्याला."

शांतीने मनात भाकऱ्यांचा हिशोब करून पाहिला. भाकऱ्या थापून थापून जन्म गेला असता तरी तो कर फिटला नसता, आणि कल्पेशने खांदे उडवले असते.

कल्पेश मात्र विचार करत होता. "मग त्या कार्डवर नाव बदलून घेऊ. विठूच्या जागी बुधाजी. मिष्टेक झाली म्हनायचं. प्रतिज्ञापत्र देवू. काय ताई, कागदावर विठू काय नि बुधाजी काय?"

विठूची जमीन गेली होती, विठूचं घर विमानाच्या धावपट्टीखाली गेलं होतं. आता कल्पेशला त्याचं एवढंसं छापलेलं नावसुद्धा हवं होतं, तेही इतक्या सहज, दुकानात सुटे पैसे मागावेत तसं. शांतीने टेबलावरचं कार्ड उचलून मुठीत धरलं. अंगावरून पाल गेल्यासारखा शहारा आला.

"बापाचं नाव नाय बदलनार," ती म्हणाली.

"अगं, खरं थोडंच बदलतो..."

"नाय म्हनले ना."

"आणि मीही करणार नाही," नझीरभाई म्हणाले. "खोटं प्रतिज्ञापत्र माझ्या टेबलावरून जाणार नाही, तौबा. पण सरळ रस्ता आहे. तुमचे वालिद हयात आहेत. तुम्ही वडिलांना द्या. मुलाने बापाला दिलेलं करमुक्त. मग वडिलांनी ताईंना द्यायचं. काकाने पुतणीला दिलेलं करमुक्त. ताईंना त्यांचा वाटा द्यायचाच असेल, तर हेच योग्य दिसतं."

वाटा हा शब्द नझीरभाईंना कल्पेशने सांगितला असावा. त्यांना खरं वाटलेलं दिसत होतं. कल्पेशने शांतीकडे न बघता मान डोलावली.

दोन दिवसांनी शांती बुधाजीच्या घरी गेली. गाव उठल्यावर नव्या वसाहतीत कल्पेशने तीन मजली घर बांधलं होतं. जिन्याला संगमरवर, गेटवर दोन सिमेंटचे सिंह, आणि खालच्या मागच्या खोलीत बुधाजी. अर्धांगवायूनंतर त्याचा डावा हात लुळा पडला होता, उजवा आणि जीभ शाबूत होती. खोलीत औषधांचा, ओल्या गादीचा आणि बंद खिडकीचा मिळून एक वास होता. वर बायका झिंगे तळत होत्या, तो वासही जिन्यावरून खाली उतरत होता.

वाटेत रिक्षात शांतीने एक विचार करून पाहिला होता. गप्प बसावं, सही करावी, पैसे आले की कोऱ्या चेकांचं पुस्तक कल्पेशला द्यायचंच नाही. कायद्याने ते तिचेच. कोमलची तिन्ही वर्षांची फी, आणि वर छप्पर. कितीदा तरी तिने तो विचार उलटसुलट करून पाहिला. पण त्यात ती कल्पेशसारखी दिसत होती, त्याच्यासारखीच दारात बूट काढून गोड बोलणारी. तिला वाटा हवा होता, डल्ला नको होता.

बुधाजीने तिला पाहिलं आणि त्याचे डोळे भरले. "ये शांते. बस हिथं. कल्पेशने सांगितलं मला. विठूच्या पोरीला तिचं देतोय म्हनाला. मना लय बरं वाटलं. माज्या जिवाला घोर लागला होता, बाय. वर गेलो तर विठूला काय तोंड दाखवू?"

शांती पलंगाच्या कडेला बसली. तिला काकाचा हात धरावासा वाटला आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं, इतका घोर होता तर रजिस्ट्रारपुढे मान का खाली घातली? एवढी वर्षं हा घोर कुठे ठेवला होता, उशीखाली?

कल्पेश दाराशी उभा राहून मोबाइलवर बोट फिरवत होता. त्याचे पैसे आदल्या दिवशी बापाच्या खात्यात गेले होते. पलंगाजवळच्या खुर्चीत बसलेल्या नझीरभाईंनी पिशवीतून नवं बक्षीसपत्र काढलं आणि बुधाजीच्या उजव्या हाताखाली चेकबुक ठेवलं.

"बुधाजीभाऊ, विचारायचं माझं काम. हे पैसे तुम्ही पुतणीला आपल्या मर्जीने देताय?"

"मर्जीनं. अगदी मर्जीनं."

"परत मागणार नाही?"

"परत कशाला मागू? तिचंच हाय."

"आणि ताई, तुम्हाला कबूल?"

खोलीत सगळ्यांनी शांतीकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला.

"कबूल. पन मी परत देनार नाय."

कल्पेशने मोबाइलवरून डोळे उचलले. "ताई, मस्करी नको."

"मस्करी नाय. काका देतात ते माजं. कोरे चेक मी देनार नाय. कोमलची फी मी त्यातून भरीन. असं असंल तर सही करते."

"कोरे चेक?" नझीरभाईंनी पेन खाली ठेवलं. "कल्पेशशेठ, हे काय?"

"काय नाय हो, घरातली गोष्ट."

"एक सांगा नझीरभाई," शांती म्हणाली. "समजा मी परत दिले. कल्पेशला. तर?"

"तर तुम्ही त्यांना बाहेरच्या. चाळीस लाखांवर कर त्यांना."

"आनि काकांना परत दिले तर?"

नझीरभाईंच्याही डोक्यात हे आत्ताच आलं असावं. "तरी कर. काका पुतणीला देतो तेव्हा नातं आहे. पुतणी काकाला देते तेव्हा, काकाच्या यादीत पुतणी नाही. रस्ता एकाच बाजूने आहे, ताई."

शांतीला हसू आलं, कडवट. कायद्याने देताना नातं धरलं होतं, परत घेताना सोडलं होतं. या घरात नेमकं उलटं होतं. इथे घेताना ती सख्खी होती आणि द्यायची वेळ आली की चुलत.

"अरे पन ती काय बोलतेय?" बुधाजीने विचारलं. "कल्पेश, काय झालं?"

कल्पेशने पुढे होऊन पलंगावरचं बक्षीसपत्र उचललं. "काय नाय बाबा. नियम बदलला. आता देता येत नाय."

"नियम तोच हाय, काका," शांती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. कोमल लहान असताना तिला बेरीज समजावून सांगायची, तसं तिने समजावलं. "कल्पेशला मला काय द्यायचं नाय. माज्या नावावर ठेवायचं, टॅक्स वाचवायचा आनि परत घ्यायचं. तुमाला त्यानं वेगळं सांगितलं."

बुधाजी मुलाकडे बघत राहिला. मग नझीरभाईंकडे वळला.

नझीरभाईंनी घसा साफ केला. "बुधाजीभाऊ, मी एवढंच सांगतो. काल तुमच्या मुलाने हे पैसे तुम्हाला देऊन टाकले, तसा कागद आहे, त्याची सही आहे. आज ते कायद्याने तुमचे. पुतणीला द्यायचे की नाही, ते तुमच्या हातात. आणखी कुणाच्या नाही. द्यायचे असतील तर चेकवर सही करा, बक्षीसपत्र मी पुन्हा छापून आणतो."

कल्पेशचा चेहरा उतरला. पैसे बापाच्या खात्यात घालताना हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "बाबा," तो म्हणाला, आणि इतक्या मऊ आवाजात म्हणाला की शांतीला पुन्हा तो पेढा आठवला. "बाबा, तुमचं औषधपानी कोन करतं? तुमची गादी कोन बदलतं? उद्या ही येनार हाय काय करंजाड्याहून?"

बुधाजीच्या हातात पेन होतं. चेकबुक मांडीवर उघडं होतं. उजवा हात चांगला होता. सही करायला एवढासाच वेळ लागला असता. त्याने पेनचं टोक कागदाला टेकवलं. शांतीच्या डोळ्यांसमोर काहीही आलं नाही, ना बाप, ना जमीन. फक्त कोमलचं कॉलेज आलं, त्याचं निळं गेट.

बुधाजीने खिडकीकडे पाहिलं. मग पेन कागदावरून उचललं.

"राहू दे," तो म्हणाला. "घरात भांडनं नको. शांते, तू समजून घेशील. तू शानी हायस."

हे वाक्य तो रजिस्ट्रारपुढेही म्हणाला होता. शब्द बहुतेक तेच होते. शांतीला तेव्हा रडू आलं होतं. आता फक्त किळस आली, म्हाताऱ्याच्या भरलेल्या डोळ्यांची, त्याच्या घोराची, विठूला तोंड दाखवण्याच्या त्या गोष्टीची. कल्पेशच्या लोभाची तिला आता सवय झाली होती. पण लोभाने निदान स्वतःला प्रेम म्हणवून घेण्यापुरती तरी खटपट केली होती. काकाच्या प्रेमाने तेवढीही केली नाही.

कल्पेशने बापाच्या मांडीवरून चेकबुक उचललं आणि खिशात घातलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठांवर सुटल्याचं हसू. "ताई, जेवून जा. झिंगे हायत."

"नको."

"राग नको धरू. कोमलच्या फीचं बघू आपन."

"तू नको बघू," शांती म्हणाली. "आनि यापुढं मना ताई म्हनू नको. शांते म्हन, तुला सोपं जातं."

बुधाजीने "बाय" अशी हाक मारली. तिने ती ऐकली आणि चपला घातल्या.

नझीरभाई गेटपर्यंत तिच्याबरोबर आले. ते सिंहांकडे न बघता रस्त्याकडे बघत म्हणाले, "माफ करा ताई. मला खरंच वाटलं होतं, तुम्हाला देतायत."

"मना पन वाटलं होतं," ती म्हणाली. "थोडा वेळ."

घरी आली तेव्हा कोमलने भाकऱ्यांचं पीठ काढून ठेवलं होतं आणि गॅस पेटवायची वाट बघत होती. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि परात पुढे सरकवली. शांतीने मोरीत जाऊन हात-पाय, तोंड धुतलं, चूळ भरली, पुन्हा भरली. मग पीठ मळायला बसली.

"मामा देणार फी?" कोमलने शेवटी विचारलं.

"नाय."

"मग आजोबा?"

"आजोबांच्या हातात पेन होतं," शांती म्हणाली. "चेक मांडीवर होता. त्यांनी पेन खाली ठेवलं."

कोमल म्हणाली, "का?"

शांतीला सांगता आलं असतं. भांडणं नको म्हणून, गादी कोण बदलणार म्हणून, तू शहाणी आहेस म्हणून. पण यातलं एकही कारण पोरीच्या तोंडी जावं असं तिला वाटलं नाही. तिने गोळा हातावर घेतला आणि थापायला लागली.

"उद्या सकाळी तुझी मार्कशीट नि माजं पासबुक घेऊन बँकेत जायचं," ती म्हणाली. "शिक्षनासाठी कर्ज देतात म्हनतात. नाय दिलं तर दुसऱ्या बँकेत. आनि खानावळवाल्याला फोन लाव. लग्नाच्या भाकऱ्यांची ऑर्डर नको म्हनलं होतं ना आपन? घेतो म्हन."

"सगळी?"

"सगळी."

कोमलने फोन लावला. पलीकडून खानावळवाला काही बोलला, तेव्हा ती हसली आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, "आई, तो म्हणतो, पैसे अर्धे आधी देऊ की नंतर?"

"आदी," शांती म्हणाली. "आनि सांग, रोख नको. खात्यात दे म्हनावं. माज्या."